पौषातली फुलं आषाढात ठरतात

धाराशिव जिल्ह्यात हिवाळा म्हणजे देवकार्यांचा आणि जत्रांचा काळ. मार्गशीर्षातले गुरुवार, दत्तजयंती, शिवारात जेवणाची पंगत बसवणारी येळवस, मग पौषात तुळजापूरला शाकंभरी नवरात्र आणि पौर्णिमेला नळदुर्गजवळच्या मैलारपुरात खंडोबाची यात्रा. घरोघरी रोज ओंजळभर फुलं लागतात ती याच दोन महिन्यांत, आणि बहुतेक अंगणं नेमकी याच दोन महिन्यांत ओकी दिसतात. तेरडा संपलेला असतो, गुलबक्षी वाळून गेलेली असते, मोगऱ्याला चैत्राशिवाय कळी धरायची नसते. मग बाजारातून शेवंतीचा पुडा आणायचा आणि ‘आपल्याकडे फुलझाडांना पाणी कुठंय’ असं म्हणून विषय संपवायचा, हे वर्षानुवर्षं चालत आलं आहे. माझं म्हणणं याच्या उलट आहे. पाण्याचाच हिशेब करायचा तर आपल्या भागात हिवाळ्यात फुलणारी झुडपं सगळ्यांत स्वस्त पडतात. ती अंगणात फुलत नाहीत याचा दोष पाण्याकडे कमी आणि आपल्या वेळापत्रकाकडे जास्त जातो. लावायची जागा, छाटायचा महिना आणि हात आवरायचा महिना, या तीन गोष्टी चुकतात म्हणून पौष कोरडा जातो.

पुरावा शिवारातच उभा आहे. सोयाबीननं खरीप व्यापला तरी परांडा, भूम, वाशीकडच्या काळ्या रानांत शाळू अजून पेरला जातो. हस्ताच्या पावसावर पेरणी होते आणि पुढं पाण्याचा थेंब न मिळता जमिनीत मुरलेल्या ओलीवर ताट डोक्याएवढं वाढतं, कणीस भरतं. जे ज्वारीला जमतं ते खोल मुळांच्या झुडपाला जमणार नाही, असं मानायला काही कारण नाही. आपला जिल्हा बालाघाटाच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटरवर आहे. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा सहसा १२ ते १५ अंशांपर्यंत उतरतो, लाट आली तर दहाच्या खालीही जातो. पण दुपारी २८-३० अंशांचं लख्ख ऊन असतं आणि झाडं जाळणारं दहिवर इथं पडत नाही. मे महिन्यात उमललेलं फूल सकाळी दहालाच मान टाकतं, डिसेंबरात तेच फूल संध्याकाळपर्यंत ताजं राहतं. पानांतून उडणारं पाणीही निम्म्याहून कमी होतं. जून-जुलैत पावसाच्या झडीनं फुलं कुजतात, एप्रिल-मेत ती भाजतात. झुडपाच्या दृष्टीनं फुलायला सोयीचा ऋतू हिवाळाच, आणि या पठारावरच्या मूळच्या झुडपांनी तो कधीच निवडलेला आहे.

या निवडीमागं थंडी कमी आणि अंधार जास्त कारणीभूत असतो, हे समजून घेतलं तर बागेतली पुष्कळ कोडी सुटतात. आपल्या अक्षांशावर २१-२२ जूनला दिवस सव्वातेरा तासांचा असतो, तर २१-२२ डिसेंबरला अकरा तासांचा. सप्टेंबर उलटला की रात्र दिवसापेक्षा मोठी होऊ लागते आणि काही झाडं ही लांबत जाणारी रात्र मोजतात. शेवंती त्यातली, पॉइन्सेटियाही त्यातलाच. पॉइन्सेटियाचा लालभडक भाग म्हणजे फूल नव्हे, ती शेंड्याची पानं. खरी फुलं मधोमध पिवळ्या घुंगरांसारखी असतात. हे मूळ मेक्सिकोचं झुडूप रस्त्यावरच्या दिव्याखाली लावलं तर काय होतं ते पाहण्यासारखं आहे. दिव्याकडची बाजू डिसेंबरातही हिरवीगार राहते आणि सावलीकडची लाल होते. एकाच झाडाला एकाच खतावर दोन रंग येतात, कारण अर्ध्या झाडाची रात्र झालेलीच नसते. नगरपालिकेचा एलईडी दिवा, गेटवर रात्रभर जळणारा बल्ब, गोठ्यातला फोकस, यांच्यापासून ही झाडं दूर ठेवायला हवीत. ‘दोन वर्षं झाली, लाल होतच नाही’ या तक्रारीवर शेणखताचा उपयोग नाही. झाड उचलून अंधाराच्या कोपऱ्यात लावावं लागतं. त्याचा पांढरा चीक डोळ्यांत गेला तर आग होते, तेवढं लहान मुलांना सांगून ठेवावं.

तरी पहिली जागा मी पॉइन्सेटियाला देणार नाही. ती कोरांटीची. ओढ्याच्या काठानं, बांधावर, देवळामागं आपोआप येणारी ही पिवळी कोरांटी, कुणी तिला वज्रदंती म्हणतं. तिला नर्सरीत भाव नाही आणि घरात मान नाही. पानाच्या बगलेत सुईसारखे तीन-चार काटे, म्हणून ती कुंपणाच्या कामाची एवढंच तिचं मोल केलं जातं. पण नवरात्रानंतर केशरी पिवळी फुलं एकामागून एक काढत ती संक्रांतीपर्यंत चालते, आणि तिला वरचं पाणी जवळजवळ लागत नाही. तिचीच बहीण जांभळी कोरांटी. तिच्यात पांढरी आणि गुलाबीही मिळते, काटे बोचण्याजोगे नसतात आणि कार्तिक-मार्गशीर्षात ती अशी भरते की पान दिसू नये. अबोली आणि अडुळसा ही झाडंही याच कुळातली. हा निव्वळ योगायोग नाही. पावसाळ्यात अंग धरायचं आणि पाऊस ओसरल्यावर फुलायचं, ही दख्खनच्या या कुळाची रीतच दिसते. त्यामुळं ज्याला हिवाळी अंगण हवं आहे त्यानं या एका कुळावर भिस्त ठेवली तरी पुरे होतं. अबोलीची फुलं कणसावर खालून वर, रोज दोन-चार अशी उमलतात. म्हणून फुलं तोडावीत, कणीस तोडू नये. एक कणीस कित्येक दिवस फुलं देतं आणि पूर्ण वाळल्यावरच देठापासून काढायचं असतं. कडाक्याची थंडी पडली की अबोली आठवडाभर थबकते, पुन्हा धरते. चिबड जमिनीत मात्र तिची मुळं कुजतात आणि सूत्रकृमीही लागतात. वाफ्यात आधी एक हंगाम झेंडू घेतला आणि तिथंच गाडला तर हा त्रास बराच कमी होतो.

अडुळसा लोक खोकल्याच्या काढ्यापुरता ओळखतात. डिसेंबरपासून त्याला पांढरे, आत जांभळ्या रेघांचे तुरे येतात आणि भुंगे त्यावर दिवसभर राबतात, हे फारसं कुणी लक्षात घेत नाही. आपल्या जिल्ह्यात त्याचा आणखी एक गुण सोन्याच्या मोलाचा आहे. उस्मानाबादी शेळीनं या जिल्ह्याचं जुनं नाव देशभर नेलं, पण हिवाळ्यात रानं मोकळी होऊ लागली की हीच शेळी कुंपणावरून मान घालून हाताएवढी रोपं साफ करते. अडुळशाच्या कडू पानांना ती तोंड लावत नाही. तरवडही ती सहसा सोडून देते. म्हणून रस्त्याच्या बाजूला अडुळसा आणि तरवड, त्यांच्या आत काटेरी कोरांटी आणि सगळ्यांत आत अबोली-कुंद, अशी रचना केली तर तारेच्या जाळीचा खर्च वाचतो. तरवडाची पिवळी फुलं नवरात्रात देवीला वाहतात हे सर्वांना ठाऊक आहे, पण ओल टिकलेल्या जागी तो पुढंही फुलत राहतो. त्याचं रोप उपटून आणू नये. सोटमूळ खोल जातं आणि तुटलं की झाड जगत नाही. वाळलेल्या शेंगांतलं बी खरखरीत दगडावर थोडं घासून, रात्रभर पाण्यात भिजवून जागेवरच टोकावं.

कुंदाविषयी थोडं वेगळं बोलावं लागेल, कारण तो लाडाचा आहे. अमरकोशात कुंदाला ‘माघ्य’ म्हटलं आहे, म्हणजे माघात फुलणारा. ऋतू नावातच बांधलेलं दुसरं झुडूप चटकन आठवत नाही. मोगरा, जाई, जुई विश्रांती घेत असतात तेव्हा कुंदाच्या पांढऱ्या चांदण्या येतात. वास मंद, पण पूजेला आणि वेणीला उत्तम. त्याला पाणी नियमित लागतं, आधाराला कमान किंवा कट्टा लागतो आणि छाटणी न करता वाढू दिला तर आतून तो काटक्यांचा भारा होतो. एका घराला एक कुंद पुरे. बोगनवेलीचं गणित याच्या उलट: जमीन थोडी तापू द्यावी, पाणी तोडावं, मगच ती रंगते. हिवाळ्यात रोज पाणी घातलेली बोगनवेल नुसती पानं काढते.

मासिकांतले आणि मोबाइलवरचे फोटो बघून काही जण कॅमेलिया, अझेलिया, हायड्रेंजिया मागवतात. ही झाडं सुंदर आहेत यात वाद नाही, पण त्यांना आम्लधर्मी, भुसभुशीत माती आणि गोड पाणी लागतं. आपली माती बेसॉल्टची, जागोजाग चुनखडी असलेली, आणि बोअरचं पाणी जड. अशा जमिनीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. पान पिवळं पडतं, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात आणि दोन उन्हाळ्यांत रोप जातं. तो पैसा वाचवावा.

आता मुख्य चुकीकडे येऊ. दिवाळी आली की घर रंगवतात, अंगण सारवतात किंवा धुतात आणि त्याच हातानं झाडंही ‘नीट’ करतात. ही दिवाळीची कात्री हिवाळी फुलांची वैरीण आहे. कोरांटी, अबोली, अडुळसा, पॉइन्सेटिया, कुंद या सगळ्यांना फूल येतं ते त्याच वर्षीच्या नव्या फांदीच्या शेंड्याशी किंवा शेंड्याजवळच्या पेऱ्यांवर. ऑक्टोबरच्या अखेरीस शेंडा कापला तर फुलाची तयारी झालेला भागच आपण कचऱ्यात टाकलेला असतो. पुढचा फुटवा येईपर्यंत थंडीनं वाढ मंदावलेली असते आणि झाड फाल्गुनापर्यंत हिरवं, गोल आणि रिकामं उभं राहतं. ही फांदी जून ते ऑगस्ट या पावसाच्या दिवसांत तयार होते. म्हणून छाटणीच्या वेळा दोनच. फुलं ओसरली की फेब्रुवारी-मार्चमध्ये मोठी छाटणी, झाड निम्म्यावर आणावं. यानं उन्हाळ्यात पानांचा भार कमी राहतो आणि पाणीही वाचतं. दुसरी म्हणजे शेंडे खुडणं. मृगाच्या पावसानंतर नवे फुटवे वीतभर झाले की नखानं शेंडा खुडायचा, त्या जागी दोन-तीन फुटवे येतात. आषाढात एकदा, हवं तर श्रावणाच्या सुरुवातीला पुन्हा एकदा. एका फांदीच्या जागी चार होतात म्हणजे फुलांची ठिकाणं चौपट होतात. पोळ्यानंतर कात्री खुंटीला टांगावी. तिथून पुढं फक्त वाळलेलं काढायचं. दिवाळीत झुडूप विस्कटलेलं दिसेल, ते दिसू द्यावं.

दुसरी चूक जागेची, आणि ती ध्यानात येत नाही कारण आपण रोपं जूनमध्ये लावतो. मेच्या मध्याच्या सुमारास धाराशिवला सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो, पुढं जुलै संपेपर्यंत तो किंचित उत्तरेकडूनच जातो. त्या दिवसांत घराच्या उत्तरेची जागा उन्हानं न्हालेली दिसते आणि रोप तिथं लागतं. डिसेंबरात मात्र भर दुपारीही सूर्य दक्षिणेला, क्षितिजापासून जेमतेम ४८ अंशांवर असतो. दहा फुटी भिंतीची दुपारची सावली तेव्हा जवळजवळ नऊ फूट पडते, पाच फुटी कंपाउंडची साडेचार फूट. जूनमध्ये उन्हात असलेलं झाड फुलायच्या वेळी दिवसभर सावलीत जातं. यावर उपाय सोपा आहे: जागा डिसेंबरात ठरवावी. दुपारी बारा-साडेबाराला अंगणात भिंतीची सावली जिथं संपते तिथं चुन्याची रेघ ओढावी किंवा चार दगड मांडावेत. रेघेच्या पलीकडे झुडपं, अलीकडे सावली सोसणारी कोरफड, पानओवा. अबोलीला अर्धं ऊन चालतं, कोरांटीला, तरवडाला आणि बोगनवेलीला पूर्ण लागतं. दक्षिण आणि पूर्व बाजू मोकळी असेल तर निम्मं काम झालंच.

खड्डे मे महिन्यात घेऊन तापू द्यावेत. मुरमाड जागेत दोन फूट लांब, रुंद आणि खोल, त्यात निम्मी गाळाची माती आणि एक-दोन घमेली कुजलेलं शेणखत. खोल काळ्या रानात अडचण उलटी असते: पाणी साचतं आणि हिवाळ्यात जमिनीला भेगा पडतात. तिथं खड्ड्याच्या तळाशी मुरूम टाकावा आणि रोप वीतभर उंचवट्यावर बसवावं. भेगा बारीकसारीक गोष्ट समजू नये. त्या मुळं तोडतात आणि खालची ओल वाऱ्यावर सोडतात. शेतकरी शाळूत कोळपणी करतो ती याचसाठी. अंगणात तेच काम खुरपं करतं. दसऱ्यानंतर दर पंधरवड्याला बुंध्याभोवतीची दोन बोटं माती भुसभुशीत करून भेग बुजवावी आणि वर चार बोटं सोयाबीनचं भुसकट किंवा उसाचं पाचट पसरावं. बुंध्याला ते चिकटू देऊ नये, नाहीतर वाळवी चढते. एवढं केलं तर जमलेल्या झुडपाला हिवाळ्यात दहा दिवसांतून एकदा बादलीभर पाणी पुरतं. पहिल्या वर्षाच्या रोपाला पाच-सहा दिवसांनी. अंघोळीचं पाणी चालतं. आरओ यंत्रातून सोडून दिलेलं पाणी मात्र नुसतं घालू नये, त्यात क्षार दाटलेले असतात. पानांच्या कडा करपायला लागल्या की हेच कारण शोधावं.

सगळ्यांत वजनदार आक्षेप उन्हाळ्याचा आहे आणि तो मला पूर्ण मान्य आहे. हिवाळा निभावेल, पण मेमध्ये काय? २०१२-१३ आणि २०१५-१६ या वर्षांत ज्यांनी टँकरची वाट पाहिली त्यांना फुलझाडांचं कौतुक सांगणं अवघड आहे. म्हणूनच माझा आग्रह कुंडीतल्या विकत आणलेल्या रोपांऐवजी जमिनीतल्या आणि मूळ इथल्या झुडपांचा आहे. कोरांटी आणि तरवड मेमध्ये पानं गाळून काटकीसारखी उभी राहतात. ती मेली असं समजून उपटू नयेत, फांदीची साल नखानं खरवडून आत हिरवं आहे का पाहावं. अडुळसा पानं मलूल करतो, पण आठवड्याच्या बादलीवर तगतो. अबोली आणि कुंद मात्र पाण्याशिवाय जाणार. तेव्हा झाडांची संख्या डिसेंबरातल्या हौसेवर ठरवू नये, मेच्या तिसऱ्या आठवड्यात घरात उरणाऱ्या सांडपाण्याच्या बादल्यांवर ठरवावी. दोन बादल्या उरत असतील तर एक कुंद, तीन-चार अबोली आणि बाकी सगळी कोरांटी-तरवडाची मंडळी. ज्या घरात एकही उरत नाही तिथं नुसती कोरांटी लावावी.

दुसरा आक्षेप असा की झेंडू-शेवंती लवकर फुलं देतात, विकताही येतात. दसऱ्या-दिवाळीच्या हारांसाठी आणि विक्रीसाठी झेंडूच घ्यावा, त्याला तोड नाही. पण तो दर वर्षी नव्यानं लावावा लागतो, फुलायच्या काळात पाणी सतत मागतो आणि एकदम येऊन एकदम संपतो. झुडूप एकदा धरलं की आठ-दहा वर्षं रोजची ओंजळ देत राहतं. देवपूजेला ओंजळच लागते, क्रेट नाही. तिसरी भीती सापाची. दाट झुडूप दाराशी असावं असं मीही म्हणणार नाही. भिंतीपासून पाच-सहा फूट अंतर, बुंध्याशी खालच्या फूटभर फांद्या काढून टाकलेल्या, भुसकटाचा थर चार बोटांपेक्षा जाड नाही आणि जवळ विटा-लाकडांचा ढीग नाही, एवढं पाळलं तर आत काय आहे ते दुरून दिसतं. याच झुडपांच्या पानांवर पॅन्सी जातीची फुलपाखरं अंडी घालतात. त्यांच्या काळ्या काटेरी अळ्यांनी चार पानं खाल्ली तर झाडाचं बिघडत नाही, लगेच औषध फवारू नये.

रोपांवर फार खर्च करायचीही गरज नाही. जांभळ्या कोरांटीच्या आणि अडुळशाच्या करंगळीएवढ्या जाड, वीतभर लांब काड्या आषाढात ओल्या मातीत दोन पेरी गाडून तिरप्या लावल्या की बहुतेक फुटतात. ‘दिल्ली अबोली’ या नावानं मिळणाऱ्या मोठ्या फुलांच्या जातीला बी धरत नाही, तिच्याही काड्याच लावाव्या लागतात. गावरान अबोलीचं बी घरीच मिळतं, फक्त ते गोळा करायची रीत माहीत हवी. माघात वाळलेली कणसं दुपारच्या उन्हात, हवा कोरडी असताना काढून सुती कापडाच्या पिशवीत भरावीत आणि पिशवीचं तोंड बांधून कोरड्या जागी टांगावी. आतली बोंडं वाळून कडक झाली तरी आपणहून उघडत नाहीत. ती पाण्याची वाट पाहतात. जूनमध्ये एक बोंड तळहातावर घेऊन त्यावर ओल्या बोटानं थेंब सोडा. क्षणभर काही होत नाही, मग टच्‌कन आवाज होतो, बोंड दोन फाकांत उघडतं आणि आतल्या आकड्यांनी फेकलेलं बी हातभर दूर जाऊन पडतं. पेरणीला म्हणूनच बी वेगळं सोलत बसू नये. पहिला चांगला पाऊस झाला की अख्खी बोंडं भुसभुशीत वाफ्यावर विखरावीत आणि वर नखभर माती सारावी. पहिल्या वर्षी रोपं लहान राहतील, दुसऱ्या आषाढात त्यांचे शेंडे खुडायला येतील.